कार्डाचं जुनं देणं कमी व्याजावर कसं न्याल?

क्रेडिट कार्डाची साचलेली थकबाकी स्वस्त कर्जात फिरवता येते का, हे कोल्हापूरचे वाचक वारंवार विचारतात. कुणाला बँकेचा मेसेज आलेला असतो, ‘थकबाकी सोप्या हप्त्यांत करा’. कुणाचा मेहुणा सांगत असतो, आमच्या पतसंस्थेतून कर्ज काढ आणि मोकळा हो. कुणी दागिना घेऊन सराफांच्या गुजरीपर्यंत जाऊन परत आलेलं असतं. फिरवता येते, आणि बहुतेक वेळा फिरवावीच. मात्र स्वस्त व्याज कशाच्या आणि कुणाच्या जिवावर मिळतंय, ते आधी तपासा. कार्डाचं देणं तुमच्या एकट्याच्या नावावर असतं. ते फिरवताना त्यात घरातलं सोनं येतं, ऑफिसातला मित्र जामीनदार म्हणून येतो. हे कळून-सवरून ठरवायला हवं.

कार्डाचं व्याज शेकड्यात मोजा

आपल्याकडे व्याज शेकड्यात बोललं जातं. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये, आणि तेवढं मागणाऱ्या सावकाराच्या दारात जायला माणूस दहादा विचार करतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर बारीक अक्षरांत छापलेला ३.५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा हा महिन्याचाच दर असतो. तो वर्षाचा समजणारे लोक मला अजूनही भेटतात. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. तेव्हा ३.५ टक्क्यांचा खरा भार होतो शेकडा ४ रुपये १३ पैसे.

या दराला कायद्याचा चाप लागेल, या आशेवर थांबू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

आता दीड लाखाच्या थकबाकीचं गणित बघा. दर महिन्याला ३.५ टक्के, आणि कार्डावर नवी खरेदी शून्य.

- पहिल्या महिन्याचं व्याज ५,२५० रुपये, त्यावर जीएसटी ९४५. एकूण ६,१९५.
- तुम्ही ७,५०० रुपये भरले, तर मुद्दलातून फक्त १,३०५ रुपये कमी होतात.
- दर महिन्याला न चुकता ७,५०० भरत राहिलात तरी देणं फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ जातो आणि एकूण सव्वातीन लाखांच्या घरात रक्कम जाते.
- हेच दीड लाख वर्षाला १४ टक्के दराच्या दोन वर्षांच्या कर्जात नेलेत, तर हप्ता बसतो सुमारे ७,२०० रुपये. दोन वर्षांत देणं संपतं आणि व्याज जातं सुमारे २२,८५०.

खिशातून महिन्याला जवळजवळ तेवढाच पैसा जातो, फरक पडतो दीड लाखाचा. म्हणूनच ‘मिनिमम भरतोय ना, मग काय घाई आहे’ हे म्हणणं मला मान्य नाही.

पहिलं काम: कार्ड वापरणं थांबवा

मागच्या बिलातला एक रुपयाही बाकी असेल, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत संपते. पेट्रोल भरलंत, किराणा घेतलात, त्या दिवसापासून व्याज सुरू. त्यामुळे आधी कार्ड घरी ठेवा, मोबाइलच्या ॲपमधून आणि शॉपिंगच्या साइटवरून त्याचा नंबर काढून टाका, विजेचं बिल आणि ओटीटीचे आपोआप जाणारे पैसे बँक खात्यावर वळवा. मग एका कागदावर प्रत्येक कार्डापुढे चार गोष्टी लिहा: आजची पूर्ण बाकी, महिन्याचा व्याजदर, आधीच चालू असलेले हप्ते आणि बिलाची तारीख. हा कागद घरच्यांसमोर ठेवा. लपवलेलं देणं फेडताना दुसरं लपवलेलं देणं तयार होतं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. सिबिल त्यांतलीच एक. हा रिपोर्ट काढा. विसरलेलं एखादं जुनं कार्ड किंवा चुकीची नोंद तिथे सापडते, आणि तुम्हाला कोणता पर्याय मिळू शकतो याचा अंदाज येतो.

घरातच पैसा असेल तर

सात टक्क्यांची मुदत ठेव सांभाळत चाळीस-पन्नास टक्क्यांचं देणं चालवणारे बरेच आहेत. लक्ष्मीपुरीतला एखादा दुकानदार रोज पिग्मी भरतो, आणि कार्डाचं मिनिममही भरतो. दोन्ही शिस्तीनं! ही शिस्त त्याला तोट्यात नेते. ठेव मोडा. मोडायचीच नसेल तर तिच्यावर कर्ज घ्या. बँका ते साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीनं देतात. पिग्मीवरही कर्ज मिळतं.

- एलआयसीची पॉलिसी: जुन्या पारंपरिक पॉलिसीवर तिच्या सरेंडर मूल्याच्या प्रमाणात कर्ज मिळतं. दर कार्डाच्या जवळपासही नसतो. पण व्याज न भरता वर्षानुवर्षं सोडलंत तर ते पॉलिसीच खाऊन टाकतं.
- पीपीएफ: खातं उघडल्यापासून तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात कर्ज घेता येतं, पीपीएफच्या दरापेक्षा एक टक्का जास्तीनं, आणि ते ३६ महिन्यांत फेडायचं असतं. सातव्या वर्षापासून काही रक्कम काढताच येते.

हे पर्याय मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो, कारण इथे कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

त्याच बँकेत हप्ते करून घेणं

सगळ्यांत सोपं म्हणून लोक हेच करतात. फोन केला की पाच मिनिटांत होतं. दर कार्डाच्या व्याजापेक्षा खूप कमी असतो, पण एक गोष्ट विक्री करणारा माणूस आपणहून सांगत नाही: हे अजूनही कार्डाचंच कर्ज आहे, त्यामुळे हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. १६ टक्के सांगितले तर ते जवळजवळ १९ समजा. पर्सनल लोनच्या व्याजावर जीएसटी नाही, तो फक्त प्रोसेसिंग फीवर लागतो. दोन्हीकडे तोंडी सांगितलेला दर सारखाच असला तरी भार सारखा नसतो.

व्याज असलेले हप्ते ‘नो-कॉस्ट’ म्हणून खपवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. मुद्दल किती, व्याज किती हे आधी सांगणं कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे. ते एसएमएसवर किंवा ईमेलवर मागून घ्या, फोनवरच्या शब्दावर ‘हो’ म्हणू नका.

दुसरी मेख अशी की हप्ते केल्यावर हप्त्याची रक्कम दर महिन्याच्या मिनिमममध्ये पूर्ण धरली जाते. म्हणजे तेवढी भरावीच लागते. आणि जसजसं मुद्दल फिटतं तसतशी कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते. त्या मोकळ्या झालेल्या मर्यादेला हात लावू नका.

दुसऱ्या बँकेच्या कार्डावर नेणं

याला ‘बॅलन्स ट्रान्स्फर’ म्हणतात. एका बँकेच्या कार्डाची बाकी दुसऱ्या बँकेचं कार्ड फेडतं आणि तुम्हाला काही महिने कमी दर मिळतो, किंवा ठरावीक हप्ते पडतात. कमी दर काही काळापुरताच असेल आणि तेवढ्यात तुम्ही नक्की फेडणार असाल, तरच हा मार्ग घ्या. सवलतीची मुदत संपली की उरलेल्या रकमेवर नेहमीचा कार्डाचा दर लागतो. फी जमेस धरा, आणि त्या नव्या कार्डावर खरेदी करू नका. थकबाकी आधीच तीन महिन्यांची झाली असेल तर हा पर्याय बहुधा मिळणारच नाही.

बँकेचं पर्सनल लोन

पगार नियमित असेल, हप्ते चुकलेले नसतील, तर बहुतेकांसाठी हाच सरळ रस्ता. तीन गोष्टी बघा.

१. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे, तेही तुम्हाला समजेल त्या भाषेत. मराठीत मागा. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर म्हणजे एपीआर दिलेला असतो. दोन बँकांची तुलना फक्त त्या आकड्यावर करा.

२. ‘फ्लॅट’ दराला भुलू नका. दोन वर्षांसाठी फ्लॅट ११ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ २० टक्के. फरक एवढा मोठा आहे.

३. मुदतीआधी फेडल्यास आकार किती, ते विचारा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर असा आकार घेता येत नाही. पण पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं, म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा.

कर्जासोबत विम्याची पॉलिसी गळ्यात मारली जात असेल तर तिचा हप्ता कर्जाच्या रकमेतून कापला जातो का, ते बघा. मुदत मोठी घेऊन हप्ता हलका करण्याचा मोह होतो. झेपेल तितका मोठा हप्ता आणि छोटी मुदत घ्या.

पतसंस्था, नोकरदारांची सोसायटी आणि जामीनदार

कोल्हापूरच्या माणसाला हा पर्याय सगळ्यांत जवळचा वाटतो, आणि त्याला इतिहास आहे. सावकाराच्या व्याजातून माणूस सोडवायचा तर सभासदांनी एकत्र येऊन स्वस्त कर्ज द्यावं, याच विचारातून सहकारी पतपुरवठा उभा राहिला. शाहू महाराजांच्या काळात संस्थानात सहकाराचा कायदा आला आणि १९१३ मध्ये कोल्हापूर अर्बन बँक उभी राहिली. जुनं महाग देणं फेडायला नवं स्वस्त कर्ज, ही कल्पना या गावाला नवी नाही.

शिक्षक, सरकारी कर्मचारी, दूध संघाचे किंवा कारखान्याचे कामगार यांच्या सोसायटीचं कर्ज कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त असतं. वसुली पगारातूनच होते; महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार तशी कपात मालकाला करून द्यावी लागते. ज्यांचा हात ढिला आहे त्यांच्यासाठी ही कपात चांगलीच, कारण पैसा हातात येण्याआधीच हप्ता जातो.

पण तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा.

पहिलं, मंजूर झालेली सगळी रक्कम हातात पडत नाही. शेअर्स, विमा, फी कापून उरलेलं मिळतं. कार्डाची बाकी पूर्ण फिटेल एवढं हातात येणार आहे का, ते आधी विचारा. दहा-बारा हजार कमी पडले आणि तेवढी बाकी कार्डावर राहिली, तर ती पुन्हा शेकडा चारानं वाढते.

दुसरं, जामीनदार. तुमच्या कार्डाच्या देण्याशी त्याचा आजवर काही संबंध नव्हता. सोसायटीच्या कागदावर सही केली की तोही तितकाच देणेकरी होतो. कर्ज थकलं तर कलम १०१ चा वसुली दाखला दोघांवर निघतो आणि कपात त्याच्या पगारातून होऊ शकते. ‘तू मला हो, मी तुला होतो’ अशा उलटसुलट जामिनांत एकाची नोकरी गेली की चौघांची घरं हलतात. म्हणून जामीनदाराला खरी रक्कम आणि खरं कारण सांगा. ‘घरदुरुस्तीसाठी घेतोय’ असं सांगून कार्डाचं देणं फेडणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आणि तुमचा हप्ता एकदाही चुकणार असेल, तर नोटीस जाण्याआधी तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा.

तिसरं, तक्रारीची वाट वेगळी आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. तिथली तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे उपनिबंधक कार्यालयात करायची असते.

सोनं गहाण ठेवताना

हप्ते चुकले, सिबिल घसरलं, जामीनदार नाही, अशा वेळी सोनेतारण उपयोगी पडतं. वेळेवर फेडण्याची खात्री असेल तर दर परवडतो. पण साज किंवा बोरमाळ घेऊन जाणार असाल तर मनाची तयारी ठेवा: अशा दागिन्यांत लाख भरलेली असते, ती वजनातून वजा होते आणि अपेक्षेपेक्षा बरीच कमी रक्कम मिळते.

- पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन आणि कॅरट वेगवेगळं लिहून घ्या. दागिन्यांचा फोटो काढून ठेवा.
- बँक किंवा वित्तसंस्थेकडून घेतलेल्या सोनेतारणाला १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम लागू आहेत. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत मिळाले पाहिजेत, संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.
- दरवर्षी फक्त व्याज भरून नूतनीकरण करत राहू नका. मुद्दल तसंच राहतं. दर महिन्याला मुद्दलात काही ना काही भरा.
- दागिना पत्नीचा किंवा आईचा असेल तर निर्णय तिचा. तिला बरोबर घेऊन जा.

या वाटेला जाऊ नका

एका कार्डानं दुसऱ्याचं मिनिमम भरणं. घरभाडं भरल्याचं दाखवून ॲपमधून कार्डाचे पैसे खात्यात घेणं. कार्ड स्वाइप करून कमिशन कापून रोख देणारा दुकानदार गाठणं. या तिन्हींत देणं तसूभरही कमी होत नाही, फक्त दर वेळी दोन-तीन टक्के झडतात.

बोलीची भिशी उचलून कार्ड फेडण्याआधी बोलीत किती सोडावं लागणार ते आधी मोजा. महिन्याच्या गरजेनं घाईत उचललेली भिशी कार्डाइतकीच महाग पडू शकते.

बिनपरवाना सावकाराकडे जाऊ नका. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पण त्याआधी कोरे चेक आणि स्टॅम्पपेपर तुमच्या सहीचे त्याच्याकडे गेलेले असतात. दहा मिनिटांत कर्ज देणारं अनोळखी ॲप मोबाइलवर घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बँका आणि वित्तसंस्थांच्या ॲपची यादी आहे, त्यात नसेल तर विषय तिथेच संपवा. ‘तुमचं कार्डाचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो’ म्हणत आगाऊ फी मागणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. ओटीपी देऊन फसगत झाली तर लगेच १९३० वर फोन करा.

कर्ज हातात आल्यावर

पैसे खात्यात पडले त्याच दिवशी कार्डाला भरा. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांना फसवते. स्टेटमेंटवरची रक्कम भरली म्हणजे खातं शून्य झालं, असं होत नाही. बिलाच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. पाच-सहाशे रुपयांचं ते बिल ‘आपण तर सगळं फेडलं’ म्हणून उघडलंच जात नाही, त्यावर विलंब आकार चढतो आणि सिबिलवर डाग पडतो. म्हणून भरण्याच्या दिवशी कस्टमर केअरकडून त्या दिवसाची पूर्ण रक्कम विचारा, आणि पुढची दोन स्टेटमेंट शून्याची येईपर्यंत बघत राहा.

मग कार्ड बंद करायची लेखी विनंती द्या. बाकी शून्य असताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं नाही, तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. एखादं कार्ड ठेवायचंच असेल तर त्याची मर्यादा महिन्याच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यावर आणून घ्या. माझं मत विचाराल, तर नवं कर्ज निम्मं फिटेपर्यंत एकही कार्ड ठेवू नका.

हप्ता झेपतच नसेल तर

नोकरी गेली, दुकानात पुराचं पाणी शिरलं, घरात मोठं आजारपण आलं, तर स्वस्त दरानंही भागत नाही. अशा वेळी बँकेला लेखी कळवा आणि हप्ते हलके करून मागा. एकरकमी तडजोड हा शेवटचा मार्ग. रक्कम कमी होते, पण क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढची काही वर्षं कर्ज मिळणं अवघड होतं. तडजोड केलीत तर पैसे भरण्याआधी पत्र हातात घ्या.

कार्डाचं देणं थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत, ती दिवाणी बाब आहे. मात्र दिलेला चेक किंवा खात्यातून जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला, तर फौजदारी खटला होऊ शकतो. म्हणून भीतीपोटी कुणालाही चेक लिहून देऊ नका.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. शेजाऱ्यांना सांगणं, नातेवाइकांना फोन करणं, शिवीगाळ, धमकी, सगळ्याला मनाई आहे. फोनची वेळ आणि नंबर टिपून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाइन, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

बँकेची नोटीस किंवा लोकअदालतीचं पत्र आलं तर ते टाळू नका, तारखेला हजर राहा. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना उत्पन्नाची अटही नाही.